रंकाळ्याच्या गाळातून वीज काढण्याआधी थोडं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या रंकाळ्याजवळच्या तुमच्या तालमीतली पोरं, त्यातली दोघं इंजिनिअरिंगला, तळ्याच्या गाळात मायक्रोबियल फ्युएल सेल बसवायच्या विचारात आहेत. गाळातले जिवाणू घाण खातील, त्यातून वीज निघेल, तिच्यावर काठावरचे दिवे लागतील आणि दोन-तीन वर्षांत गाळही संपेल, असं एका व्हिडिओत पाहिलंय. हे जमेल का, आणि त्यासाठी मंडळाची वर्गणी वापरावी का?

दिवे लागणार नाहीत. गाळही संपणार नाही. तरी वर्गणी वापरा, फक्त वेगळ्या कामाला. कोणत्या, ते सांगतो, पण आधी गाळात नेमकं काय चालतं ते बघू.

तळ्याच्या पाण्यात ऑक्सिजन असतो, पण सेंद्रिय घाण साचलेल्या गाळात तो वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखाली जिवाणूंना खायला भरपूर असतं. अन्न फोडलं की इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते घेणारं कोणीतरी लागतं. ऑक्सिजन नसेल तर नायट्रेट, ते संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव उरतात. प्रत्येक पायरीला जिवाणूच्या हाती कमी ऊर्जा लागते आणि काम मंदावतं. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची थप्पी लागलीय आणि सौदा बंद आहे, अशी गाळाची अवस्था असते. माल पडून, उठाव नाही. सल्फेटच्या पायरीला हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच तो कुजक्या अंड्याचा वास. गाळ काळा दिसतो तोही लोह आणि सल्फाइड एकत्र आल्यामुळे.

काही जिवाणू मात्र इलेक्ट्रॉन पेशीच्या बाहेर नेऊन घन पदार्थाच्या हवाली करू शकतात. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात १९८७ साली डेरेक लव्हली यांना असा जिवाणू सापडला. पुढे त्याला जिओबॅक्टर हे नाव मिळालं. तो मुळात लोहाच्या गंजासारख्या कणांना इलेक्ट्रॉन देतो. त्याच्या शेजारी ग्रॅफाइटचा तुकडा ठेवला तर त्यालाही देतो. ग्रॅफाइटला तार जोडून दुसरं टोक वरच्या ऑक्सिजनवाल्या पाण्यात दुसऱ्या ग्रॅफाइटला जोडलं की झाला गाळाचा सेल. हे दोन तुकडे म्हणजे इलेक्ट्रोड: गाळातला ॲनोड, वरच्या पाण्यातला कॅथोड. जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडमध्ये डरहॅमच्या पॉटर यांनी १९११ सालीच दाखवलं होतं, म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली आहे. इतकी वर्षं होऊनही तिच्यावर गावं का उजळली नाहीत, याचं उत्तर पुढच्या आकड्यांत आहे.

कागदावर असा सेल १.१ व्होल्टपर्यंत देऊ शकतो. प्रत्यक्षात भार जोडला की ०.३ ते ०.५ व्होल्ट हातात येतात. गोड्या पाण्याच्या गाळात दर चौरस मीटरला १० मिलिवॅट धरा. चांगली मांडणी केली तर त्याच्या काही पट मिळतात, पण तळ्यात उतरल्यावर मी १०च धरतो. अख्खा एक हेक्टर तळ ग्रॅफाइटने झाकला तरी १०० वॅट. घरातल्या जुन्या छताच्या पंख्यापेक्षा थोडी जास्त, आणि तीही ०.३ व्होल्टला. सेल एकापुढे एक जोडून व्होल्टेज वाढवू म्हणाल, तर सगळे एकाच पाण्यात बुडालेले असल्यामुळे आतल्या आत एकमेकांना शॉर्ट करतात. कपॅसिटर आणि व्होल्टेज वाढवणारं सर्किट लावावं लागतं, आणि तेही आपला वाटा खातं.

ही वीज कुठे कामाला आली तेही सांगतो. २००८ साली त्याच पोटोमॅक नदीत हवामान मोजणारा एक तरंगता बोया गाळाच्या सेलवर चालवून दाखवला गेला. त्या बोयाला सरासरी १८ मिलिवॅट लागायचे. पहिला सेल २४ मिलिवॅट द्यायचा आणि त्याचं वजन होतं २३० किलो. नंतर १६ किलोच्या सुधारित सेलने ३६ मिलिवॅट दिले. जिथे बॅटरी बदलायला कोणी जाऊ शकत नाही तिथे हे सोनं आहे. रंकाळ्याच्या काठावर, महावितरणच्या खांबाखाली, त्याला अर्थ नाही.

आता गाळ संपण्याचं बघू. माझ्या मते खरी फसगत इथे होते, कारण विजेच्या गणिताला लोक निदान हात तरी लावतात. १० मिलिवॅट ०.३ व्होल्टला म्हणजे साधारण ३३ मिलिअँपिअर. एवढा प्रवाह दिवसभर वाहिला तर जेवढे इलेक्ट्रॉन जातात तेवढ्यात पाव ग्रॅमहून थोडी कमी घाण जळते. घाण म्हणजे इथे सीओडी, सेंद्रिय पदार्थ पूर्ण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या हिशेबात मोजलेली. वर्षाला ८६ ग्रॅम. एका चौरस मीटरखालच्या १० सेंटिमीटर गाळात, गाळ बऱ्यापैकी सेंद्रिय असेल तर, पाचेक किलो सीओडी सहज असते. म्हणजे तो थर संपायला पन्नास-साठ वर्षं, आणि तीही या काळात वरून नवीन काही पडलं नाही तर.

वरून तर पडतंच आहे. घरगुती सांडपाण्याच्या एका घनमीटरमध्ये अर्धा किलोच्या आसपास सीओडी असते. सहा चौरस मीटरच्या सेलने वर्षभर राबून जे जाळलं, ते नाल्यातून आलेलं एक घनमीटर पाणी परत आणून टाकतं. सेकंदाला एक लिटर, म्हणजे बघणाऱ्याला नाला वाटणारही नाही एवढी धार, दिवसाला ४३ किलो सीओडी आणते. तेवढी फक्त बरोबरीत ठेवायला १८ हेक्टर सेल लागतील. श्याम सोसायटीच्या बाजूने येणारं असो की आणखी कुठल्या वस्तीतून, सांडपाणी तळ्यात येणं थांबत नाही तोवर गाळात काहीही पुरलं तरी ते प्रदर्शनापुरतं. हे तालमीत फळ्यावर लिहून दाखवा. इंजिनिअरिंगची पोरं पाच मिनिटांत पडताळून घेतील. एक मोल इलेक्ट्रॉनला ८ ग्रॅम सीओडी, एवढं एकच सूत्र लागतं.

मग हे तंत्र टाकाऊ आहे का? नाही. गाळाचं प्रमाण कमी करायला ते निरुपयोगी आहे, पण गाळाच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांचा स्वभाव ते बदलू शकतं, आणि तळ्याला छळणारे दोन त्रास नेमके त्या थरातून येतात.

पहिला वास. सल्फाइड ॲनोडजवळ आला की त्याचं मूलद्रव्य गंधकात रूपांतर होतं. त्याला जिवाणूंचीही फार गरज नसते. शिवाय इलेक्ट्रोड हा जास्त फायद्याचा गिऱ्हाईक मिळाल्यामुळे सल्फेट आणि मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांच्या तोंडचा घास काही प्रमाणात जातो.

दुसरा, आणि रंकाळ्यासाठी जास्त महत्त्वाचा, फॉस्फरस. रंकाळा हिरवागार पडतो तेव्हा त्यात मायक्रोसिस्टिससारखी निळी-हिरवी शेवाळं माजलेली असतात आणि त्यांचं मुख्य खाद्य फॉस्फरस. ते फक्त नाल्यातून येत नाही. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखातल्या मातीत लोह भरपूर. ऑक्सिजन असताना हे लोह फॉस्फेट धरून ठेवतं. गाळ घुसमटला की जिवाणू लोहालाच इलेक्ट्रॉन देतात, लोह विरघळतं आणि धरलेलं फॉस्फेट पाण्यात सोडतं. म्हणूनच सगळे नाले वळवले तरी तळं पुढची काही वर्षं उन्हाळ्यात हिरवं पडू शकतं, आणि लोक म्हणतात एवढा खर्च करून फरक काय पडला. जिवाणूंना लोहाऐवजी इलेक्ट्रोड दिला तर लोह जागेवर राहतं, फॉस्फेटही त्याच्याबरोबर. प्रयोगशाळेतल्या गाळावर हे दिसलेलं आहे. अख्ख्या तळ्याला हा उपाय मी सुचवणार नाही; नाले वळवल्यानंतर उरलेल्या एखाद्या घुसमटलेल्या कोपऱ्यात, जिथे पाणी हलत नाही, तिथे जरूर करून बघण्यासारखा आहे.

आणि त्यासाठी वीज काढायचीच कशाला? २०११ साली फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने मांडलेली एक युक्ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत शहाणपणाची वाटते. दोन इलेक्ट्रोड, मध्ये भार, सर्किट हे सगळं काढून टाका. वीज वाहून नेणारी एकच कांडी, खालचं टोक गाळात, वरचं ऑक्सिजनच्या पाण्यात. याला ते स्नॉर्केल म्हणतात. मुद्दाम शॉर्ट केलेला सेल आहे हा. बाहेर शून्य वॅट, पण मध्ये अडथळा नसल्यामुळे इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त वेगाने वर जातात, म्हणजे त्या मांडणीत होऊ शकणारी जास्तीत जास्त सफाई. वीज आणि सफाई या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत, हे बहुतेक व्हिडिओ सांगतच नाहीत. निसर्गाने हे आधीच केलंय, ही जाता जाता गंमत: डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की समुद्राच्या गाळात हजारो पेशींचे सेंटिमीटरभर लांब धागे असतात आणि ते खालच्या सल्फाइडचे इलेक्ट्रॉन वरच्या ऑक्सिजनपर्यंत पोचवतात.

आता वर्गणीचं काम. नाल्याचं पाणी तळ्यात शिरायच्या आधी गाठा, तेही मोठा नाला नाही. एखाद्या गल्लीची किंवा सोसायटीची छोटी गटारधार. खडीचा वाफा करून त्यात कर्दळ, पाणकणीस लावून सांडपाणी गाळायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. अशा वाफ्यात फ्युएल सेल बसवून रंगाचं पाणी साफ करण्याचं काम भुवनेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणजे यात आपला देश मागे नाही. पुढे स्पेनमधल्या अल्काला विद्यापीठाच्या गटाने एक पाऊल टाकलं: खडीऐवजी कोक, म्हणजे हवेशिवाय भाजलेला दगडी कोळसा. कोक वीज वाहून नेतो, त्यामुळे वाफ्याच्या तळातला ऑक्सिजन नसलेला भाग आणि वरचा हवेजवळचा भाग दाण्यादाण्यांतून जोडले जातात. अख्खा वाफाच एक मोठं स्नॉर्केल होतो. तार नाही, सर्किट नाही, आणि तेवढीच सफाई खडीच्या वाफ्यापेक्षा बऱ्याच कमी जागेत होते.

कोक म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना विचारा. लोखंड वितळवायच्या क्युपोला भट्टीचा कोक, किंवा भट्टीला न चालणारे त्याचे बारीक तुकडे चालतील. चुलीचा कोळसा चालणार नाही. तो कमी तापमानाला तयार होतो आणि वीज जवळजवळ वाहून नेत नाही. मल्टिमीटरची दोन टोकं तुकड्याला लावली की फरक लगेच कळेल. कोक आधी पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवा, त्यात गंधक आणि बारीक राख असते. वाफ्याच्या आधी एक छोटी गाळटाकी हवीच, नाहीतर प्लास्टिक आणि चिखलाने कोक महिन्यात तुंबेल. भारतात असे वाफे बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण जिवाणू नसतात, तुंबणं असतं.

तरीही सेल करून बघायची पोरांची हौस असणार, आणि ती असावीच. मग ती टबात भागवा, आणि एका सापळ्यापासून सांभाळा. शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनात दिसणारे बरेच "जिवाणूंचे सेल" धातूच्या गंजण्यावर चालतात. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी एका बाजूला आणि तांबं किंवा कार्बन दुसऱ्या बाजूला ठेवलं तर नुसत्या मिठाच्या पाण्यातही पाऊण व्होल्ट दिसतो. वीज जस्त देतंय, जिवाणू नाही. जुन्या टॉर्चच्या सेलमधली कार्बनची कांडी वापरतात, तिला चिकटलेला काळा मँगनीजचा थरही आकडे फुगवतो. कांडी घासून, उकळून घ्या. ॲनोड ग्रॅफाइट फेल्टचा किंवा कोकचा घ्या. तांब्याची उघडी तार गाळात नको, ती गंजते आणि तांबं जिवाणूंना मारतं. स्टेनलेसची तार घ्या, सांधा एम-सीलने पूर्ण बंद करा.

तीन टब मांडा. एकात सेल जोडलेला. दुसऱ्यात तेच इलेक्ट्रोड, तोच गाळ, पण तार तोडलेली. तिसऱ्यात नुसता गाळ. दुसरा टब नसेल तर तुमचा निष्कर्ष कोणीही मानणार नाही, कारण गाळ नुसता ठेवला तरी थोडा बदलतोच. जोडलेल्या टबात १००० ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज रोज ठरावीक वेळी लिहा. ०.४ व्होल्ट आले तर प्रवाह ०.४ मिलिअँपिअर. पहिले दोन-चार आठवडे काही दिसणार नाही, इलेक्ट्रोडवर जिवाणूंचा थर बसायला तेवढा वेळ लागतो. टब उजेडात असेल तर दिवसा आकडा चढेल, रात्री उतरेल. पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं म्हणून. हाच टब पुढे केंदाळाने झाकून बघा. केंदाळाखाली पाण्यातला ऑक्सिजन संपतो, कॅथोड उपाशी पडतो आणि आकडा कोसळतो. तळ्यात सेल का रुसतात हे त्यावरून पोरांना समजेल. महिन्याअखेर तिन्ही टबांतल्या पाण्याचा फॉस्फेट आणि सल्फाइड तपासून घ्या. शिवाजी विद्यापीठात किंवा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पर्यावरण प्रयोगशाळेत विनंती केली तर होईल. व्होल्टेजपेक्षा मला ते दोन आकडे बघायला आवडतील.

दोन कप्प्यांचा सेल करायचा असेल तर मधल्या पडद्यासाठी महागडी परदेशी झिल्ली मागवू नका. खरगपूरच्या आयआयटीत मकरंद घांगरेकर यांच्या गटाने २०१० मध्ये साध्या मातीच्या मडक्याची भिंतच पडदा म्हणून वापरून दाखवली. कुंभाराकडून न रंगवलेलं, पातळ भिंतीचं मडकं आणा.

तुम्ही शेवटी इचलकरंजीच्या रंगाच्या पाण्याचं आणि कारखान्यांच्या मळीचंही विचारलंय. थोडक्यात सांगतो. ॲझो जातीचे कापडाचे रंग ऑक्सिजनशिवाय तुटतात, पाणी बिनरंगी दिसतं, आणि लोक टाळ्या वाजवतात. पण तुटल्यावर अरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं उरतात, ते रंगापेक्षा घातक असू शकतात. त्यांच्यासाठी पुढे हवेची टाकी लागतेच. रंग गेला एवढ्यावर कोणी यंत्र विकत असेल तर घेऊ नका. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे मळीतून अल्कोहोल काढून उरलेल्या पाण्यात, लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात सीओडी असते, तिथे बायोगॅससारखा दुसरा पर्याय नाही. फ्युएल सेलची जागा पातळ घाणीत आहे. तिथेही कमाई विजेची नसते. एक किलो सीओडीतले सगळे इलेक्ट्रॉन ०.३ व्होल्टला मिळाले तरी एक युनिट. प्रत्यक्षात मिळतात त्याच्या पाव ते एक-तृतीयांश. शहरी सांडपाण्याच्या प्रकल्पात मात्र नुसती हवा फुंकायलाच घनमीटरमागे पाव ते अर्धा युनिट जातं. ते वाचलं तर वाचलं.

एक उपयोग मात्र मला पंचगंगेसाठी मनापासून हवाय, आणि त्याला वॅट लागतच नाहीत. जयंती नाल्याचं सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रकल्पाकडे नेलं जातं. पावसात किंवा उपसा थांबला की ते ओसंडून नदीत जातं. ते किती वेळ गेलं आणि किती घाण होतं हे कळायला आपण बीओडीची, म्हणजे घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याची चाचणी करतो. आपल्याकडच्या पद्धतीत ती २७ अंशांवर ३ दिवस घेते. तोवर पाणी शिरोळपर्यंत पोचलेलं असतं. फ्युएल सेलचा प्रवाह पाण्यातल्या सेंद्रिय घाणीबरोबर काही मिनिटांत, फार तर तासात वर-खाली होतो. कोरियात बीओडी मोजण्यासाठी असे सेल वर्षानुवर्षं चालवून दाखवले आहेत. बांधावरून पाणी ओसंडतं तिथे एक छोटा सेल, एक डेटा लॉगर आणि एक सिम कार्ड. आकडा अचूक बीओडी सांगणार नाही, पण "आत्ता ओसंडतंय" हे नक्की सांगेल. विषारी काही आलं तर जिवाणू दबतात आणि प्रवाह एकदम पडतो, तीही सूचनाच. असं काही बसवायचं असेल तर महापालिकेची परवानगी आधी काढा.

गाळाचा नमुना घ्यायला पोरांना एकटं पाठवू नका. नाल्याच्या तोंडाशी गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड एकदम वर येतो, आणि जास्त प्रमाणात तो नाकाला जाणवेनासा होतो, म्हणून वास थांबला की उलट मागे सरकायचं. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातमोजे, अंगावर जखम असलेल्याने पाण्यात उतरायचं नाही. लेप्टोस्पायरोसिसचा धोका पावसाळ्यात जास्त, त्यामुळे नमुने दिवाळीनंतर घ्या. तोवर टब, कोक आणि मडकी जमवायला वेळ मिळेल.